वटवाघळाची शीतनिद्रा आणि आतड्यातील सूक्ष्मजंतू

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबर महिना सरत आला की रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग आणि पाणवठ्यावर उडणारी चिलटे हळूहळू दिसेनाशी होतात. थंडी वाढते, जमीन गोठते आणि पुढील कित्येक महिने हवेत उडणारा कीटक सहसा दृष्टीस पडत नाही. ज्या प्राण्याचे सारे पोषण उडत्या कीटकांवरच अवलंबून आहे, त्याने या काळात जगावे कसे? कित्येक पक्षी दक्षिणेकडील उबदार प्रदेशात जाऊन हा प्रश्न सोडवतात. तेथील ‘लहान तपकिरी वटवाघूळ’ मात्र निराळा मार्ग पत्करते. ते एखाद्या खोल गुहेत किंवा सोडून दिलेल्या खाणीत शिरते, छताला उलटे लटकते आणि वसंत ऋतूपर्यंत जवळजवळ काहीही न खाता राहते. या अवस्थेस शीतनिद्रा असे म्हणतात.

शीतनिद्रेचे वर्णन करताना सामान्यतः एकाच जिवाचा विचार केला जातो. वस्तुतः गुहेत लटकलेले वटवाघूळ एकटे नसते. त्याच्या आतड्यात असंख्य सूक्ष्मजंतू वस्ती करून असतात. यजमान जेवला म्हणजे त्यांना अन्न मिळते आणि यजमानाचे शरीर उबदार असले म्हणजे त्यांना ऊब मिळते. मग यजमानानेच आपली चूल विझवली, तर या आश्रितांचे काय होते? आणि त्यांच्यात जो बदल घडून येतो, त्याचा यजमानाला काही उपयोग होतो की अपाय? या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास गेल्या काही दशकांतच होऊ लागला आहे.

निद्रा नव्हे, काटकसर

शीतनिद्रा ही नेहमीच्या झोपेहून अगदी भिन्न अवस्था आहे. झोपलेल्या मनुष्याच्या शरीराचे तापमान फार थोडे उतरते. शीतनिद्रेतील वटवाघळाचे तापमान मात्र गुहेतील हवेच्या तापमानाच्या जवळपास, म्हणजे बहुधा २ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत खाली येते. जागेपणी मिनिटाला काही शे ठोके देणारे त्याचे हृदय आता मिनिटाला १० ते २० ठोक्यांवर येते. दोन श्वासांमध्ये दीर्घ खंड पडतो. शरीरातील रासायनिक व्यापार जागेपणीच्या मानाने शेकडा काही अंशांइतकाच उरतो. गुहेच्या दमट हवेतील बाष्प त्याच्या थंड लोकरीवर जमून थेंब साचतात आणि दिव्याच्या प्रकाशात ते मण्यांसारखे चमकतात. तरी प्राणी हालत नाही.

हे सारे केवळ काटकसरीसाठी असते. लहान तपकिरी वटवाघळाचे वजन सहा ते दहा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या एका नाण्याइतके असते. हिवाळ्यापूर्वी भरपूर कीटक खाऊन ते सुमारे दोन ग्रॅम चरबी साठवते. संपूर्ण हिवाळा काढण्यासाठी एवढीच शिदोरी त्याच्याजवळ असते. मादीला तर ही शिदोरी वसंतापर्यंत थोडी तरी शिल्लक ठेवावी लागते. तिचा नराशी संयोग शरद ऋतूत होतो, नराचे शुक्राणू हिवाळाभर तिच्या शरीरात राहतात आणि गर्भधारणा निद्रा संपल्यावर होते. त्या वेळी चरबी अगदी संपलेली असेल तर गर्भाचे पोषण अवघड होते.

ही निद्रा अखंड नसते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी वटवाघूळ जागे होते. खांद्यांच्या मध्ये असलेल्या ‘तपकिरी मेद’ नावाच्या विशिष्ट चरबीचे ज्वलन सुरू होते, स्नायू थरथरू लागतात आणि थोड्याच वेळात शरीर पुन्हा ऊबदार होते. प्राणी पाणी पितो, मलमूत्र विसर्जन करतो, कधी जागा बदलतो आणि पुन्हा थंड पडतो. १९९० मध्ये कॅनडातील संशोधकांनी लहान तपकिरी वटवाघळाच्या हिवाळी खर्चाचा हिशेब मांडला. हिवाळ्यात खर्च होणाऱ्या चरबीचा फार मोठा भाग निद्रेच्या प्रदीर्घ दिवसांत नव्हे, तर जागृतीच्या या मोजक्या तासांत खर्ची पडतो, असे त्यातून निष्पन्न झाले. वटवाघळाचा हिवाळा पार पडेल की नाही, हे म्हणून त्याच्या जागे होण्याच्या संख्येवर ठरते.

आतड्यातील वस्ती

सर्व सस्तन प्राण्यांच्या आतड्यात सूक्ष्मजंतू असतात. गाय किंवा म्हैस गवतावर जगते ती पोटातील जंतूंच्या साहाय्यानेच, कारण गवतातील तंतूंचे विघटन करणारी रसायने तिच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाहीत. वटवाघळाची रचना मात्र निराळी आहे. उडणाऱ्या प्राण्याला पोटात अन्नाचा भार फार काळ वाहून नेणे परवडत नाही. त्याचे आतडे आखूड असते. मोठ्या आतड्याच्या आरंभी इतर अनेक सस्तन प्राण्यांत जी ‘अंधांत्र’ नावाची पिशवी असते, ती बहुतेक वटवाघळांत आढळत नाही. खाल्लेला कीटक पचून त्याचा उरलेला भाग बाहेर पडण्यास बहुधा एक-दोन तासही पुरतात.

आतड्याच्या या रचनेप्रमाणे तेथील वस्तीही भिन्न असते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या आतड्यात ‘फर्मिक्यूट्स’ आणि ‘बॅक्टेरॉइडीट्स’ या दोन गटांचे जंतू बहुसंख्य असतात. वटवाघळांत त्यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्याहूनही अधिक प्रमाणात, ‘प्रोटिओबॅक्टेरिया’ या गटाचे जंतू आढळतात. कीटकाचे कठीण कवच ‘कायटिन’ या द्रव्याचे बनलेले असते व ते सहजासहजी पचत नाही. कीटकभक्षक वटवाघळांच्या आतड्यात कायटिन फोडणारे विकर आणि ते तयार करणारे जंतू असतात, असे अमेरिकन संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारा पदार्थ होय. यावरून हे आश्रित काही प्रमाणात यजमानाच्या पचनालाही हातभार लावतात, असे दिसते.

जंतूंची शिरगणती

आतड्यात कोणते जंतू आहेत हे शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे त्यांना काचेच्या बशीत पोषक द्रव्यावर वाढवणे. परंतु आतड्यातील कित्येक जंतूंना प्राणवायू सोसत नाही, तर कित्येक बशीत वाढतच नाहीत. त्यामुळे या पद्धतीने केलेली शिरगणती नेहमी अपुरी राही. १९७७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी पेशीतील ‘रायबोसोम’ या घटकाच्या रेणूंची तुलना करून सूक्ष्मजीवांची वंशावळ ठरवता येते, हे दाखवून दिले. पेशीत प्रथिने तयार करण्याचे काम रायबोसोम करतात. ते सर्व सजीवांत असतात, परंतु त्यांच्या रचनेत जातीजातींनुसार थोडाथोडा फरक असतो. या फरकांची नोंद जनुकांत सापडते. आज वटवाघळाच्या विष्ठेचा लहानसा कण घेऊन त्यातील ही जनुके वाचली की कोणत्या गटाचे जंतू किती प्रमाणात आहेत, याचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीत प्राण्याला मारावे लागत नाही आणि एकाच वसाहतीतील नमुने निरनिराळ्या ऋतूंत पुनःपुन्हा घेता येतात.

थंडी आणि उपवास

शीतनिद्रा सुरू होताच आतड्यातील वस्तीवर दोन संकटे एकदम कोसळतात. पहिले संकट थंडीचे. दुधाला विरजण लावून ते उबदार जागी ठेवले तर रात्रीत दही लागते; थंडीच्या दिवसांत त्याला अधिक वेळ लागतो; आणि तेच भांडे शीतकपाटात ठेवले तर दूध दूधच राहते. विरजणातील जंतू तेथे मेलेले नसतात, पण त्यांची वाढ थांबलेली असते. निद्रिस्त वटवाघळाचे आतडे असेच शीतकपाटाइतके थंड असते. ३७ अंशांच्या आसपास वेगाने वाढणारे जंतू ५ अंशांवर जवळजवळ स्वस्थ बसतात. थंडीतही संथपणे वाढू शकणारे काही जंतू असतात आणि त्यांतील ‘स्यूडोमोनास’सारखे कित्येक प्रोटिओबॅक्टेरिया या गटात मोडतात. अशा जंतूंना थंड काळात सापेक्ष लाभ मिळू शकतो.

दुसरे संकट उपवासाचे. कीटकांचे कण येणे बंद झाले की केवळ त्यांवर जगणाऱ्या जंतूंची उपासमार होते. तरीही आतडे अगदी रिकामे नसते. त्याच्या आतील अस्तरातून श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत संरक्षक द्रव, स्रवत असतो. या श्लेष्मात शर्करा व प्रथिने यांचे संयुग असते. ज्या जंतूंना ते पचवता येते, ते दुष्काळातही टिकाव धरतात.

या दोन संकटांचा परिणाम सर्वांत सविस्तरपणे अभ्यासला गेला तो वटवाघळात नव्हे, तर उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात बिळे करून राहणाऱ्या, अंगावर तेरा पट्टे असलेल्या खारीत. ही खारसुद्धा हिवाळाभर उपाशी राहून शीतनिद्रा घेते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅना केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिच्या आतड्यातील जंतूंचे वर्षभराचे चक्र प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात वनस्पतिजन्य अन्नावर वाढणारे फर्मिक्यूट्स हिवाळ्यात प्रमाणाने घटतात. श्लेष्मावर निर्वाह करू शकणारे बॅक्टेरॉइडीट्स व ‘व्हेरुकोमायक्रोबिया’ या गटांचे प्रमाण वाढते. वस्तीतील विविधता कमी होते. आणि वसंतात खार पुन्हा खाऊ लागली की वस्ती पूर्ववत होऊ लागते.

वटवाघळांतही असा ऋतुबदल होतो. घोड्याच्या नालेच्या आकाराची त्वचा नाकावर असल्याने ज्याला ‘मोठे नालनासिक वटवाघूळ’ म्हणता येईल, त्याच्या आतड्यातील जंतूंची विविधता आणि रचना ऋतुमानानुसार पालटते, असे चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. हे वटवाघूळ ब्रिटनपासून जपानपर्यंत पसरलेले असून भारतात ते हिमालयाच्या पट्ट्यात आढळते.

नत्राचा फेरा

वस्तीत बदल होतो, हे एकदा कळल्यावर त्याचा यजमानाला काय उपयोग, हा प्रश्न उरतो. चरबीपासून उष्णता व शक्ती मिळते, पण तिच्यात नत्र नसतो; आणि नत्रावाचून प्रथिने तयार होत नाहीत. काहीही न खाता महिनोन्‌महिने निश्चल पडून राहणाऱ्या प्राण्याचे स्नायू झिजून जावयास हवेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू काही आठवड्यांतच क्षीण होतात. परंतु शीतनिद्रेतून उठलेली खार बिळाबाहेर येऊन धावू लागते. हा नत्र तिला मिळतो कोठून?

शरीरातील प्रथिनांची झीज होते तेव्हा त्यांतील नत्र ‘युरिया’च्या रूपाने रक्तात येतो व एरवी मूत्रावाटे बाहेर पडतो. युरिया फोडणारे ‘युरिएज’ नावाचे विकर सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयार होत नाही. ते काही वनस्पतींत व जंतूंत असते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून युरिएज स्फटिकरूपात वेगळे केले. शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालेले हे पहिलेच विकर होय. या कार्याबद्दल त्यांना १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आतड्यातील कित्येक जंतूंजवळही हेच विकर असते.

२०२२ च्या आरंभी मॅथ्यू रेगन, हॅना केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा पट्ट्यांच्या खारीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी कार्बन व नत्र यांच्या जड समस्थानिकांनी खूण केलेला युरिया खारींच्या शरीरात टोचला आणि ती खूण पुढे कोठे आढळते याचा माग घेतला. युरिया रक्तातून आतड्यात गेला, जंतूंनी तो फोडला, मोकळ्या झालेल्या नत्रापासून अमिनो आम्ले बनली आणि अखेर तो नत्र खारीच्या यकृतात व स्नायूंत जाऊन पोचला. ज्या खारींच्या आतड्यातील जंतू प्रतिजैविके देऊन घटवले होते, त्यांच्यात हा फेरा मंदावला. हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे उपवास सर्वाधिक लांबलेला असताना, नत्राचा हा पुनर्वापर वाढलेला आढळला. थोडक्यात, जे द्रव्य टाकाऊ म्हणून बाहेर पडावयाचे, तेच आश्रित जंतू यजमानाला पुन्हा वापरण्याजोगे करून देत होते. गाय, म्हैस यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांतही युरियाचा असा पुनर्वापर होतो. दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या किंवा पुरेसे प्रथिनयुक्त अन्न न मिळालेल्या माणसांच्या स्नायूंचे रक्षण करण्याच्या दृष्टीने या संशोधनाला महत्त्व आहे.

खारीवरून काढलेला हा निष्कर्ष वटवाघळाला जसाच्या तसा लावता येत नाही. खारीच्या अंधांत्रात जंतूंना राहण्यास प्रशस्त जागा असते. वटवाघळाजवळ बहुधा ती पिशवीच नसते. खारीचे अन्न मुख्यतः वनस्पती व बिया, तर वटवाघळाचे केवळ कीटक. दोघांना समान असणाऱ्या गोष्टी म्हणजे थंडी, उपवास आणि मधूनमधून येणारी जागृती. जागृतीच्या काही तासांत यजमानाबरोबर आतड्यातील जंतूही उबदार होतात आणि थंडीत थांबलेले त्यांचे व्यापार त्या अवधीत पुन्हा सुरू होऊ शकतात. यास्तव जागृतीचे वेळापत्रक यजमान व आश्रित या दोघांनाही बांधणारे आहे.

वेळापत्रक मोडले तर

हे वेळापत्रक मोडल्याने काय घडते, याचे भयंकर उदाहरण उत्तर अमेरिकेत पाहावयास मिळाले. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेल्या वटवाघळांचे छायाचित्र घेतले गेले. पुढील हिवाळ्यात त्याच परिसरातील गुहांत वटवाघळे मोठ्या संख्येने मेलेली आढळली. या रोगाला ‘पांढऱ्या नाकाचा रोग’ असे नाव पडले. त्याचे कारण असलेली बुरशी थंडीत वाढते. २० अंशांच्या वर तिची वाढ खुंटते. जागृत वटवाघळाच्या उबदार शरीरावर तिला थारा मिळत नाही. निद्रिस्त वटवाघळाचे शरीर मात्र थंड असते आणि त्याची रोगप्रतिकारशक्तीही मंदावलेली असते.

ही बुरशी पंखांच्या त्वचेत शिरते. रोगी वटवाघूळ वारंवार जागे होऊ लागते आणि प्रत्येक जागृतीला चरबी जळते. शिदोरी वसंतापूर्वीच संपते व प्राणी भुकेने मरतो. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने २०१२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार तोवर ५७ ते ६७ लाख वटवाघळे या रोगाने मेली होती. लहान तपकिरी वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे ही हानी लवकर भरून येणारी नाही. त्याचा परिणाम शेतीवरही होतो. वटवाघळे कीटकांचा फडशा पाडतात म्हणून अमेरिकेच्या शेतीचे वर्षाकाठी किमान ३७० कोटी डॉलर वाचतात, असा अंदाज २०११ मध्ये मांडण्यात आला होता.

या लढ्यातही सूक्ष्मजंतूंचा विचार करावा लागला. वटवाघळाच्या त्वचेवर जंतूंची आणखी एक वस्ती असते. तिच्यातून वेगळे केलेले स्यूडोमोनास गटातील काही जंतू प्रयोगशाळेत या बुरशीची वाढ रोखतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. आतड्याप्रमाणे त्वचेवरही जे जंतू थंडीत कार्यक्षम राहतात, ते निद्रिस्त यजमानाच्या उपयोगी पडू शकतात.

उबदार प्रदेश आणि थंड प्रदेश

भारताच्या बहुतांश भागात हिवाळा इतका कडक नसतो. वड, पिंपळ किंवा चिंचेच्या झाडांवर शेकड्यांनी लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळे शीतनिद्रा घेत नाहीत. त्यांना वर्षभर कोणते ना कोणते फळ मिळते. हिमालयातील थंडीत राहणाऱ्या कीटकभक्षक जातींचा प्रश्न मात्र उत्तरेकडील देशांतील त्यांच्या भाऊबंदांसारखाच आहे.

गुहेत लटकलेल्या निद्रिस्त वटवाघळावर दिव्याचा झोत टाकणे, त्याला स्पर्श करणे किंवा तेथे शेकोटी पेटवणे यांतून पाहणाऱ्याला क्षणभराचे कुतूहल लाभते. वटवाघळाला मात्र त्यासाठी कित्येक दिवस पुरणारी चरबी जाळावी लागते. म्हणूनच अनेक देशांत अशा गुहांची दारे हिवाळ्यात माणसांसाठी बंद ठेवली जातात. दारावरील जाळीतून वटवाघळांना ये-जा करता येते, परंतु माणसाला आत शिरता येत नाही. आतमध्ये एक लहानसा प्राणी आणि त्याच्या आश्रयाला असलेले अगणित जीव दोन ग्रॅम चरबीच्या आधारे वसंताची वाट पाहत असतात.